संशयाची जागा आणि वऱ्हाडचे आकाश

न्यायदर्शनात अनुमानाचे प्रकार समजावून देताना भाष्यकार वात्स्यायनांनी घेतलेली पहिली दोन उदाहरणे पावसाची आहेत, आणि हवामानाच्या अंदाजाचा तात्त्विक विचार करू पाहणाऱ्याला ती डावलून पुढे जाता येत नाही. ढग दाटून वर चढलेले पाहून पाऊस पडेल असे ठरवणे, म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणे, हे ‘पूर्ववत्’ अनुमान. आणि नदी दुथडी भरून वेगाने वाहताना पाहून वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असे ठरवणे, म्हणजे कार्यावरून कारणाकडे येणे, हे ‘शेषवत्’ अनुमान. दुसऱ्या अध्यायात सूत्रकार गौतम यावर स्वतःच आक्षेप उभा करतात. नदी खाली बांध घातल्यामुळेही फुगते, आणि पावसाच्या इतर खुणांचेही तसेच: मुंग्या वारूळ मोडल्यामुळेही अंडी तोंडात धरून पळतात आणि मोराचा आवाज एखादा माणूसही काढू शकतो. मग अशा खुणांवरून काढलेला निष्कर्ष प्रमाण कसा मानावा? सिद्धान्तपक्षाचे उत्तर असे, की येथे दोष अनुमानाचा नाही, अपुऱ्या पाहण्याचा आहे. बांधाने चढलेल्या पाण्याला पुराचा वेग नसतो, त्यात फेस नसतो, वाहून आलेली पाने, फळे आणि लाकडे नसतात. आणि एका वारुळातील मुंग्यांची धावपळ व साऱ्या शिवारातील मुंग्यांची हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खूण पाहिली एवढे पुरेसे नाही, ती नेमकी कोठे आणि किती बारकाईने पाहिली यावर ज्ञानाचा खरेपणा ठरतो.

याच दर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशय आणि प्रयोजन यांना जागा दिली. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी विचार सुरू होत नाही आणि ज्याचा निर्णय झाला त्याविषयी तो उरत नाही. जेथे दोन पक्ष समोर उभे आहेत आणि त्यांतला कोणता खरा हे ठरवण्याची कोणाला तरी गरज आहे, तेथेच न्यायाची प्रवृत्ती होते. गेल्या तीन दशकांत हवामानशास्त्रात ‘लक्ष्यित निरीक्षण’ नावाची जी पद्धत विकसित झाली, ती याच जागेवर उभी आहे. येणाऱ्या वादळाविषयीचा संशय आकाशाच्या कोणत्या भागातून उगवतो हे आधी गणिताने शोधायचे, आणि मग मोजमापाचा फुगा किंवा विमान त्याच भागात पाठवायचे, असा तिचा सारांश आहे. या पद्धतीतून उभा राहणारा प्रश्न मात्र तांत्रिक राहत नाही. पाहण्याची साधने मोजकी आणि अज्ञान अफाट असताना माणसाने कोठे पाहावे, कोणासाठी पाहावे, आणि जे पाहता आले असते ते न पाहता घडलेल्या हानीला ‘दैव’ म्हणण्याचा अधिकार त्याला कितपत उरतो, हा तो प्रश्न आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत, जेथे शेतीचा मोठा भाग आजही कोरडवाहू आहे आणि कापूस, सोयाबीन, तूर व संत्रा यांचे वर्षभराचे भवितव्य एका दुपारी बदलू शकते, हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे.

प्रथम साधनांचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. हवामानाच्या फुग्याला खाली एक हलकी पेटी टांगलेली असते, तिला रेडिओसोंड म्हणतात. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजून ती आपले स्थान व या नोंदी रेडिओलहरींनी जमिनीवर कळवत राहते, आणि ती ज्या दिशेला वाहत जाते त्यावरून त्या त्या उंचीवरचा वारा समजतो. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर या गतीने वर चढतो, वरचा दाब कमी होत जाईल तसा फुगत जातो, आणि ३० किलोमीटरांच्या आसपास त्याची कातडी इतकी ताणली जाते की तो फुटतो. जगभरातील केंद्रे असे फुगे ठरलेल्या दोन वेळांसाठी सोडतात, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच. ड्रॉपसोंड हे त्याचेच उलटे रूप. ते विमानातून खाली सोडले जाते आणि लहानशा छत्रीच्या आधाराने उतरताना तशाच नोंदी पाठवते. ज्या समुद्रावर फुगा सोडायला जमीनच नाही तेथे विमान आणि ड्रॉपसोंड यांचा मोठा उपयोग होतो.

हवेचे गणित असे, की सुरुवातीची सूक्ष्म चूक पुढे प्रचंड होते. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकावर हवामानाचे एक साधे प्रारूप, म्हणजे समीकरणांनी रचलेली वातावरणाची प्रतिकृती, चालवताना ०.५०६१२७ या संख्येऐवजी ०.५०६ ही संख्या भरली, आणि थोड्याच काळात दोन्ही गणितांतील हवामान एकमेकांशी पूर्ण विसंगत झाले. १९६३ च्या त्यांच्या शोधनिबंधाने लाप्लासच्या त्या विश्वासाला धक्का दिला, ज्यानुसार सर्व कणांची स्थिती जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही वर्तमानासारखेच स्वच्छ दिसेल. पण लोरेन्झ यांच्या शोधाची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची असून तिची चर्चा फारशी होत नाही. चुका सर्वत्र सारख्या वाढत नाहीत. आकाशाच्या काही भागांत चूक पडली तरी ती विरून जाते, आणि काही भागांत, तेही काही दिवशीच, ती झपाट्याने फोफावते. म्हणून आजच्या पद्धतीत एकच अंदाज न काढता किंचित वेगळ्या सुरुवातींपासून अनेक अंदाज काढतात, त्यांना समूह-अंदाज म्हणतात. हे अंदाज जेथे एकमेकांपासून फुटून निघतात तेथे संशय आहे, आणि त्या फुटीचा माग गणिताने उलट काढत गेल्यास आज ती कोणत्या प्रदेशातल्या हवेशी जोडलेली आहे हे कळते. लोरेन्झ यांनीच केरी इमॅन्युएल यांच्यासह १९९८ मध्ये ४० स्थानांचे एक लहान गणिती जग रचून हा प्रश्न सोप्या रूपात मांडला होता: निम्मी स्थाने जमिनीवरची, निम्मी न पाहिलेल्या समुद्रावरची, आणि आणखी एकच निरीक्षण करता येणार असेल तर ते कोठे करावे?

१९९७ च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर फास्टेक्स या मोहिमेत ही कल्पना प्रत्यक्ष वादळांवर तपासली गेली, आणि तैवानने २००३ पासून टायफून वादळांभोवती विमान फिरवून ड्रॉपसोंड सोडण्याचा उपक्रम चालवला. भारतात १९७९ च्या मोनेक्स मोहिमेत मुंबईहून उडालेल्या विमानांनी अरबी समुद्रावर असेच ड्रॉपसोंड टाकले होते, आणि २०१६ च्या पावसाळ्यात भारत व ब्रिटन यांच्या संयुक्त प्रकल्पात संशोधनाच्या विमानाने लखनौ आणि बंगळूरु येथून उड्डाणे केली. या दोन मोहिमांचा हेतू मोसमी पावसाची यंत्रणा समजून घेण्याचा होता, एखाद्या विशिष्ट वादळाचा अंदाज सुधारण्याचा नव्हे. तरी आकाशात माणसाने स्वतः जाऊन पाहण्याची सवय त्यांतूनच लागली.

वऱ्हाडच्या बाबतीत संशयाची जागा शोधू गेल्यास दोन अगदी भिन्न उत्तरे मिळतात. पावसाळ्यातील मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरावर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांबरोबर येतो. ती ओडिशा व छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकतात, आणि त्यांचा सर्वाधिक पाऊस केंद्राच्या नैऋत्य बाजूला पडत असल्याने केंद्र मध्य प्रदेशातून गेले तरी झड विदर्भात लागते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने वरूडच्या शेजारील मोवाड गाव उद्ध्वस्त होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्या जातीच्या पावसाचा अंदाज चार दिवस आधी सुधारायचा असेल, तर अमरावतीच्या आकाशाकडे पाहून काही साधत नाही. पाहावे लागेल ते हजार किलोमीटर दूर, जेथे कोणी राहत नाही अशा समुद्रावर. स्वतःच्या शेतावर काय येणार हे जाणण्यासाठी नजर स्वतःच्या शेतावरून काढून घ्यावी लागते, ही गोष्ट अध्यात्माच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पण येथे ती उपदेश म्हणून सांगितलेली नसून समीकरणांतून निघालेली आहे, आणि म्हणूनच ती अधिक गंभीरपणे घ्यावी लागते.

उन्हाळ्यातील वादळाचे गणित निराळे. मार्च ते मे या महिन्यांत अकोल्याचा पारा चढत जातो, खालच्या थरात कोठून तरी ओलसर हवा शिरते, वर कोरडी व थंड हवा असते, आणि दुपार कलताना जमिनीवरची तापलेली हवा वर उसळते. अशा वादळाचे आयुष्य काही तासांचे असते. पहाटे साडेपाचचा फुगा जमीन तापण्याआधीच निघून गेलेला असतो आणि सायंकाळी साडेपाचचा फुगा अनेकदा वादळ सुरू झाल्यावर वर जातो, त्यामुळे ज्या वेळेत सारे ठरते ती वेळ दोन्ही नोंदींच्या मधोमध निसटते. नागपूरच्या रडारचा किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे अकोल्यापर्यंत पोहोचेतो जमिनीपासून काही किलोमीटर उंचावर गेलेला असतो, म्हणजे ढगाचा माथा त्याला दिसतो पण गावावरून धावणारा वारा दिसत नाही. येथे संशयाची जागा जवळच आहे आणि वेळही ठरलेली आहे: ज्या दिवशी सकाळचे समूह-अंदाज एकमेकांशी भांडतात त्या दिवशी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, एक जादा फुगा. पूर्व भारतातील कालबैसाखी वादळांसाठी या शतकाच्या पहिल्या दशकात राबवलेल्या ‘स्टॉर्म’ कार्यक्रमात अशा जादा फुग्यांचा अवलंब झाला होता. आणि सातपुड्याच्या पलीकडे, सीहोर जिल्ह्यातील सिलखेडा येथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मध्य भारताच्या ढगांचा सातत्याने वेध घेण्यासाठी केंद्र उभारले आहे.

वऱ्हाडात भविष्याचा वेध घेण्याची एक जुनी आणि लोकमान्य रीत आहे, तिच्याशी या पद्धतीची तुलना केल्यावाचून राहता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलाकार ओळीत अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मध्ये खड्डा करून मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई आणि जवळच विड्याचे पान व सुपारी. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या मांडणीत झालेले बदल पाहून पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांचे भाकीत सांगितले जाते, जे ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. या प्रथेकडे तुच्छतेने पाहणारे तिचा गाभा चुकतात. पेरणीच्या निर्णयापूर्वी एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने, सर्वांदेखत पाहावे आणि पाहिलेले सर्वांना सांगावे, ही शिस्त तिच्यात आहे, आणि अनिश्चिततेत एकट्याने झुरण्याऐवजी ती सर्वांनी मिळून वाटून घेण्याचे धैर्य आहे. पण न्यायाच्या कसोटीवर तिचे उणे तेवढेच स्पष्ट दिसते. तेथे पाहण्याची जागा परंपरेने कायमची ठरवली आहे, संशयाने नव्हे. ढेकूळ आणि जुलैचा पाऊस यांना जोडणारी व्याप्ती, म्हणजे एक असेल तेथे दुसरे असतेच हा नियम, कधी सिद्ध केलेला नाही. आणि भाकीत चुकल्यास पुढच्या वर्षीची मांडणी त्यामुळे बदलत नाही. लक्ष्यित निरीक्षणाचे सारे मोल त्याच्या चुकीकडून शिकण्याच्या क्षमतेत आहे. श्रद्धेचा मान राखूनही एवढे म्हणणे भाग आहे, की ज्या रीतीला आपली चूक ओळखता येत नाही ती दिलासा देऊ शकते, ज्ञान देऊ शकत नाही.

आता दैवाकडे. ९ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी, अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले असताना वादळी वारा व पाऊस आला, आणि आसऱ्यासाठी लोक ज्या टिनाच्या शेडखाली उभे होते त्यावर कडुनिंबाचे जुने, मोठे झाड कोसळले. सात जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. देवाच्या दारी आलेल्या माणसांना देवाच्याच अंगणात मृत्यू यावा, याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न शोकाकुल घरांत उठला असेल तर त्यात नवल नाही, आणि त्याला चटकन उत्तर देणे हे दुःखाशी प्रतारणा करण्यासारखे आहे. तरी या प्रश्नातला एक गुंता सोडवता येतो. वऱ्हाडच्याच भूमीत, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे रुजलेल्या महानुभाव तत्त्वज्ञानाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न मानले. या मांडणीचा एक अर्थ असा घेता येतो, की वारा, पाऊस आणि झाडाची मुळे ही प्रपंचाची बाब आहे, ती प्रपंचाच्या नियमांनी चालते, आणि परमेश्वराकडे मागायचे ते मोक्षाचे दान. वाऱ्याचा हिशेब त्याच्यावर ठेवून आपण मोकळे होणे ही भक्ती नव्हे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. दैवाला तेथे पूर्ण मान आहे, पण क्रम पाचवा आहे, आणि आधीची चार कारणे तपासल्याखेरीज पाचव्याचे नाव घेणे म्हणजे हिशेब अर्धा टाकून उठणे होय. झाड जुने होते, शेड टिनाचे होते, वारा कोणत्या तासाला येईल हे सांगण्याइतक्या नोंदी त्या दुपारच्या आकाशातून घेण्याची व्यवस्था नव्हती. यांतली एकही बाब अज्ञेय नाही. दैवाचे क्षेत्र कायमचे आखून दिलेले नसते. माणसाला जेवढे पाहता येऊ लागते तेवढे ते मागे हटते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर जबाबदारी येऊन बसते. ही जबाबदारी एका कोणाच्या माथी मारण्यासारखी नाही. ती समाजाने मिळून उचलायची आहे, आणि म्हणूनच ती टळत राहते.

येथे शास्त्राच्या बाजूने एक कबुली नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. लक्ष्यित निरीक्षणाचे फळ अपेक्षेहून माफक निघाले आहे. मध्य अक्षांशांतील हिवाळी वादळांत सुधारणा सरासरीने लहान आढळली, उष्ण कटिबंधातील चक्रीवादळांत ती अधिक ठळक दिसली, आणि काही प्रसंगी तर योग्य जागी घेतलेल्या नव्या नोंदीने अंदाज बिघडला. कारण असे, की नवी नोंद प्रारूपात थेट ओतली जात नाही. आधीचा अंदाज आणि नोंद यांवर किती विश्वास ठेवायचा याचे संख्याशास्त्रीय वजन लावून दोन्हींची सांगड घातली जाते, आणि हे वजन पुष्कळ प्रसंगांच्या सरासरीवर बरोबर असले तरी एका दिवशी चुकू शकते. म्हणून अशा उड्डाणाचा निर्णय योग्य होता की नाही हे त्या एका वादळाच्या निकालावरून ठरवता येत नाही. निर्णय घेताना संशय कोठे होता आणि तो दूर करण्याचा सर्वांत रास्त मार्ग कोणता होता यावरून ते ठरते. गीतेने फळावरचा अधिकार काढून घेतला तो कर्म ढिले करण्यासाठी नव्हे, तर कर्माची परीक्षा कर्माच्या क्षणी उपलब्ध असलेल्या विवेकावर घेण्यासाठी, हे म्हणणे पटवून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. शेतकऱ्याने सल्ल्यानुसार फवारणी पुढे ढकलली आणि पाऊस आलाच नाही, तर सल्ला फसवा ठरत नाही. फसवा ठरतो तो अंदाजातला संशय लपवून दिलेला सल्ला.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र गणिताच्या बाहेर आहे. या पद्धतीत दोन प्रदेश निवडावे लागतात: एक, जेथे पाहायचे तो, आणि दुसरा, ज्याचा अंदाज सुधारायचा तो. दुसरा ठरल्याखेरीज पहिला काढताच येत नाही, आणि दुसरा ठरवणारे कोणतेही समीकरण नाही. विमान एक आहे, त्याच्या उड्डाणाचे तास मोजके आहेत, आणि त्याच दिवशी किनाऱ्यावरचे बंदर, महानगराचा विमानतळ व वऱ्हाडातील कोरडवाहू तालुका हे तिघेही अंदाज मागत आहेत. मालमत्तेच्या किमतीने निवड केली तर वऱ्हाड नेहमीच मागे राहील. न्यायाने संशयाच्या शेजारी प्रयोजन ठेवले याचे मर्म येथे उघड होते. कोणाचा संशय फेडण्याजोगा मानायचा हे प्रयोजन ठरवते, आणि प्रयोजन ठरवणे हा धर्माचा, म्हणजे परस्परांप्रती असलेल्या कर्तव्याचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे हानी सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्या आकाशातील संशय आधी फेडावा, असा निकष कोणी मांडला तर तो हवामानशास्त्राने खोडून काढता येणार नाही, कारण तो त्या शास्त्राच्या कक्षेतलाच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हवामानाची निरीक्षणे व अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपये मंजूर केले आणि मे २०२५ पासून ६ किलोमीटरांच्या जाळीचे नवे अंदाज-प्रारूप वापरात आले. जाळी बारीक झाली की प्रत्येक चौकोनाची सुरुवातीची स्थिती जाणण्याची गरजही वाढते, त्यामुळे कोठे पाहायचे हा प्रश्न मिटण्याऐवजी अधिक टोकदार होतो. अशा वेळी वऱ्हाडचे प्रयोजन वऱ्हाडनेच लिहून द्यायला हवे, आणि त्याचे साहित्य हाताशी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. पिकांचे कोणते दिवस नाजूक हे तेथील अभ्यासकांना आणि शेतकऱ्यांना पक्के ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरूड-मोर्शी भागातील बागांत मृग बहाराची तयार संत्री आणि आंबिया बहाराची नुकती धरलेली फळे एकाच वेळी असतात, तेव्हा गारपिटीचा संशय सर्वांत महाग. जूनमध्ये पेरणीनंतर पाऊस दडी मारेल का हा संशय, ऑक्टोबरमध्ये कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुडीवर पाऊस येईल का हा, आणि पुढे कापसाची बोंडे फुटलेली असताना वेचणीच्या आठवड्यात आभाळ येईल का हा. एप्रिल-मेच्या दुपारी यात्रा, लग्ने आणि संस्थानांतील उत्सव उघड्यावर, मांडवाखाली आणि टिनाच्या छपराखाली चालू असतात, तेव्हा तासाभराच्या वाऱ्याचा संशय पिकांच्या नव्हे, माणसांच्या जिवाचा. जादा फुगा कोणत्या दिवशी सोडायचा आणि विमानाचा एक तास कोणासाठी राखायचा हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर अशी महिनावार यादी असली पाहिजे, आणि ती पुण्यातल्या किंवा नोएडातल्या हवामान संस्थेत बसून करता येण्यासारखी नाही.